ॲलनचा माऊस ब्रेन ॲटलस: क्रायोस्टॅटवर बसणाऱ्या बाईचा अभिप्राय

उंदराच्या मेंदूचा हा ऑनलाइन नकाशा फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, जाहिराती नाहीत. उंदराच्या मेंदूत कुठलं न्यूरोट्रान्समीटर (मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायन) कुठल्या पेशी बनवतात हे बघायला आधी कुठे जायचं असं कोणी विचारलं, तर मी माऊस डॉट ब्रेन-मॅप डॉट ऑर्ग सांगून मोकळी होते. तिथलं चित्र पुरावा म्हणून प्रबंधात लावू का असं विचारलं, की तितक्याच पटकन नको म्हणते. दोन्ही उत्तरं बरोबर कशी, ते सांगायला हा अभिप्राय.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत हिस्टॉलॉजी बघते. रॅट (मोठा उंदीर) आणि माऊस (छोटा उंदीर) यांचे गोठवलेले मेंदू क्रायोस्टॅट या यंत्रावर पातळ कापायचे, ते काप म्हणजे सेक्शन स्टेन करायचे, ब्रशने स्लाइडवर चढवायचे. पीएचडी माझी नाही, पण पीएचडीवाल्यांचे सेक्शन माझ्याच हातून जातात. आमच्याकडे बहुतेकांचं काम डोपामिन, सेरोटोनिन नाहीतर गाबाभोवती फिरतं. ही रसायनं स्वतः पकडणं कटकटीचं असतं. रेणू चिमुकले, धुण्यात निसटतात. म्हणून ती बनवणाऱ्या एन्झाइमच्या मागे जायचं. टायरोसिन हायड्रॉक्सिलेज, म्हणजे आमचं टीएच, दिसलं की पेशी डोपामिन, नॉरॲड्रेनालिन किंवा ॲड्रेनालिनच्या घराण्यातली. टीपीएच दिसलं की सेरोटोनिन, गॅड दिसलं की गाबा, चॅट दिसलं की ॲसिटिलकोलिन, एचडीसी दिसलं की हिस्टामिन.

या विद्येची सुरुवात एन्झाइमपासून झाली नव्हती. स्वीडनमध्ये फॅल्क आणि हिलार्प यांनी एक युक्ती काढली होती: वाळवलेल्या ऊतीला फॉर्माल्डिहाइडची वाफ द्यायची, मग सूक्ष्मदर्शकाखाली डोपामिन-नॉरॲड्रेनालिनच्या पेशी हिरव्या चमकतात आणि सेरोटोनिनच्या पिवळ्या. त्या जोरावर डालस्ट्रोम आणि फुक्से यांनी १९६४ साली रॅटच्या मेंदूतल्या गटांना ए१ ते ए१२ आणि बी१ ते बी९ असे क्रमांक दिले. आजही सबस्टॅन्शिया नायग्राला ए९ म्हणतात, त्याच्या शेजारच्या व्हीटीएला (व्हेंट्रल टेगमेंटल एरिया) ए१० आणि लोकस सेरुलियसला ए६. पण त्या चमकेवरून ॲड्रेनालिनच्या पेशी वेगळ्या काढता येत नव्हत्या. ते जमलं सत्तरच्या दशकात, जेव्हा होकफेल्ट आणि मंडळींनी नॉरॲड्रेनालिनचं ॲड्रेनालिन करणाऱ्या पीएनएमटी या एन्झाइमविरुद्धची अँटीबॉडी (नेमक्या त्याच प्रथिनाला चिकटणारा रेणू) वापरून मेंदूच्या तळाच्या मेडुलामधले सी१, सी२ गट दाखवले. एन्झाइमचा नकाशा हा प्रकार तिथून खरा रुळला.

आता मालाकडे वळू. मायक्रोसॉफ्टवाल्या पॉल ॲलन यांनी २००३ साली सिॲटलमध्ये दहा कोटी डॉलर देऊन ॲलन इन्स्टिट्यूट ही संस्था उभी केली. २००६ पर्यंत सुमारे २०,००० जनुकांचा नकाशा तयार झाला. सगळे प्राणी एका जातीचे, सी५७ ब्लॅक सिक्स, ५६ दिवसांचे, नर. मेंदू ताजा गोठवलेला, सेक्शन २५ मायक्रॉनचे, आणि पद्धत इन सिटू हायब्रिडायझेशन: जनुकाचा एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठी निघालेली जनुकाची प्रत) जिथे असेल तिथे जाऊन चिकटणारा प्रोब, आणि त्यावर जांभळा-निळा रंग. हेच काम आम्ही एका जनुकासाठी करायला घेतलं तर आठवडा जातो. त्यात गुरुवारी लाइट गेली की विचारू नका. त्यांनी यंत्रमानवांकडून हजारो जनुकांसाठी एकाच साच्यात करून घेतलं. मला खरं कौतुक या एकसारखेपणाचं आहे. दोन जनुकं शेजारी ठेवून बघताना हे यांचं स्टेनिंग गडद, ते त्यांचं फिकट, असा घोळ फारसा राहत नाही.

वापरायला सोपं आहे. जनुकाचं नाव टाकायचं, प्रयोगांची यादी येते, कोरोनल (एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचा छेद) हवं की सॅजिटल (नाकाकडून मागे जाणारा उभा छेद) ते निवडायचं, सेक्शन रांगेत उघडतात. एकावर क्लिक केलं की झूम करत एकेका पेशीपर्यंत जाता येतं. शेजारी रेफरन्स ॲटलस उघडून दोन्ही एकाच जागेवर जुळवता येतात. 'एक्स्प्रेशन' हे बटण दाबलं की निळ्यापासून लालपर्यंतचा रंगीत नकाशा येतो. नवशिके नेमके त्यालाच भुलतात. तो संगणकाने काढलेला अंदाज आहे. घडी पडलेला सेक्शन किंवा रंगाचा ठिपकाही त्यात पेशी म्हणून उजळू शकतो. मी आधी कच्चं चित्र बघते, मग लाल-निळं.

आमच्याकडे नवीन आलेल्या एका मुलीला मी गॅड वन (गाबा बनवणाऱ्या गॅडचं एक जनुक) शोधायला बसवलं होतं. दहा मिनिटांत हाक आली, "ताई, मधला थॅलॅमस सगळा कोराच दिसतोय. यांचा प्रोब बिघडला असेल का?" मी म्हटलं, कोऱ्या भागाच्या बाहेरच्या कडेला बघ. तिने झूम केलं. थॅलॅमसच्या बाहेरून एक बारीक, गच्च गडद पट्टी वळत गेली होती: रेटिक्युलर न्यूक्लियस. उंदरांच्या थॅलॅमसमध्ये दृष्टीचं केंद्र सोडलं तर आतल्या गाबा पेशी अगदीच तुरळक असतात. तिथला गाबाचा बहुतेक पुरवठा या बाहेरच्या पट्टीतून येतो. माणसाच्या आणि माकडाच्या थॅलॅमसमध्ये मात्र आतल्या आत भरपूर गाबा पेशी असतात, त्यामुळे पुस्तकं वाचून आलेल्याला ही जागा कोरी दिसली की चुकल्यासारखंच वाटतं. मग तिला सेरेबेलम, म्हणजे लहान मेंदू, दाखवला. गाबा बनवणाऱ्या पर्किन्जे पेशींची एकेरी रांग, माळेत मणी ओवल्यासारखी, एकही मणी न निसटलेली. ज्या सेक्शनमध्ये पट्टी आणि रांग दोन्ही नीट आहेत तिथला प्रोब बिघडलेला नसतो. आता ती नवीन मुलांना हेच शिकवते, त्यामुळे माझं एक काम कमी झालं.

टीएच शोधलंत तर वेगळीच गंमत दिसेल. मिडब्रेनमध्ये सबस्टॅन्शिया नायग्रा आणि व्हीटीए ठसठशीत उमटतात. घ्राणकंदात, म्हणजे वासाच्या भागात, ग्लोमेरुलस नावाच्या गोळ्यांभोवतीचा थर उजळतो. पॉन्समध्ये लोकस सेरुलियसचा छोटा गोळा दिसतो. स्ट्रायटम मात्र रिकामं. आणि माझ्या टेबलावर टीएचच्या अँटीबॉडीने डीएबी स्टेन केलेला सेक्शन घेतलात तर अख्ख्या मेंदूत सगळ्यात तपकिरी भाग तोच, स्ट्रायटम! दोन्ही खरं आहे. एमआरएनए पेशीच्या शरीरात राहतो, एन्झाइम ॲक्सॉनमधून, म्हणजे पेशीच्या लांब तंतूतून, प्रवास करून टोकाला जातं, आणि नायग्राच्या पेशींची टोकं स्ट्रायटममध्ये असतात. नोटा नाशिकरोडला छापतात आणि खर्च होतात देशभर, ॲटलस तुम्हाला नाशिकरोडचा पत्ता देतो. पार्किन्सनच्या मॉडेलवर काम करणाऱ्याला स्ट्रायटममधली टोकं किती उरली ते मोजायचं असतं. त्याला इथे काहीच मिळणार नाही.

ही पहिली अडचण समजली की मुलं सुटली असं वाटतं, पण दुसरी जास्त छळते. काही पेशींमध्ये टीएचचा एमआरएनए असतो आणि टीएच हे प्रथिन नसतंच. माऊसच्या व्हीटीएच्या मध्यभागात अशा पेशी असल्याचं २०१५ च्या सुमारास नीट दाखवलं गेलं. त्याच सुमारास टीएच-क्रे उंदरांबद्दलही (ज्यांत टीएचच्या जनुकावरून पेशी निवडल्या जातात) बोंब झाली: डोपामिनच्या म्हणून ज्या पेशी प्रकाशाने चेतवल्या जात होत्या, त्यांतल्या कितीतरी डोपामिन बनवतच नव्हत्या. ॲटलसमध्ये व्हीटीएच्या आजूबाजूला फिकट जांभळं काही दिसलं की मी आता सरळ सांगते, अँटीबॉडी लावून ये, मग बोलू. रॅटवर काम असेल तर आणखी सावध, कारण या बाबतीत रॅट आणि माऊस एकसारखे वागत नाहीत, आणि हा नकाशा माऊसचा आहे.

हायपोथॅलॅमसमध्ये तर एन्झाइमांनी कामं वाटून घेतलेली असतात. आर्क्युएट न्यूक्लियसमध्ये काही पेशींत फक्त टीएच असतं, काहींत फक्त पुढचं एन्झाइम, एएडीसी. पहिली पेशी एल-डोपापर्यंत, म्हणजे डोपामिनच्या आधीच्या टप्प्यापर्यंत, येऊन थांबते, दुसरी पेशी तयार एल-डोपा मिळालं तरच डोपामिन करू शकते. ॲटलसमध्ये एकट्या टीएचचं पान उघडून "इथे डोपामिन आहे" असं लिहिलंत तर परीक्षक तुम्हाला सोडणार नाही, आणि बरोबरच करेल. अशा वेळी डीडीसीचं पान (एएडीसीचं जनुक याच नावाने सापडतं) आणि डोपामिन ट्रान्सपोर्टरचं (डोपामिन पुन्हा पेशीत ओढून घेणाऱ्या प्रथिनाचं) पान शेजारी उघडायचं. तेवढ्याने बरेच गैरसमज मिटतात. ही सगळी एकाच पेशीत आहेत का, हे मात्र इथे कळत नाही, कारण एका सेक्शनवर एकच प्रोब आहे.

सगळे प्राणी नर, ही माझी सर्वात मोठी तक्रार. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या टोकाला एव्हीपीव्ही नावाचा गट आहे. तिथल्या टीएचच्या पेशी मादीमध्ये नरापेक्षा स्पष्टपणे जास्त असतात. हे रॅटमध्ये १९८५ सालीच दाखवलेलं आहे, म्हणजे ॲटलस बनवताना ठाऊक होतं. ओव्ह्युलेशनच्या नियंत्रणावर काम करणाऱ्या मुली माझ्याकडे येतात, ॲटलसमध्ये चार-दोन पेशी बघून येतात आणि सॅम्पल साइझचा हिशेब तिथेच चुकायला लागतो. वीस हजार जनुकं दोन्ही लिंगांत करा असं माझं म्हणणं नाही, पण ट्रान्समीटरच्या एन्झाइमांची जेमतेम डझनभर जनुकं आहेत, तेवढी मादीत करायला काय हरकत होती!

वय आणि स्थितीचंही तेच. घ्राणकंदातलं टीएच वास येण्यावर अवलंबून असतं. उंदराची एक नाकपुडी बंद केली की त्या बाजूचं टीएच उतरतं, पेशी मात्र जिवंत राहतात. तेव्हा ॲटलसमध्ये दिसतो तो ५६ दिवसांच्या, नीट वास घेणाऱ्या, पिंजऱ्यात वाढलेल्या नराचा मेंदू. तुमचा प्राणी वेगळा असेल तर चित्र वेगळं येणार.

आता सेक्शनच्या अंतराबद्दल, कारण हे कापणाऱ्यालाच टोचतं. एका जनुकाचे सेक्शन सलग नाहीत, दोन सेक्शनमध्ये २०० मायक्रॉनचं अंतर आहे. मधले सेक्शन दुसऱ्या जनुकांना गेले. कॉर्टेक्स, हिप्पोकॅम्पस यांना काही फरक पडत नाही. पण लोकस सेरुलियस रॅटमध्येसुद्धा दर बाजूला साधारण दीड हजार पेशींचा, माऊसमध्येही त्याच घरातला. तो मोजक्या सेक्शनमध्ये येतो आणि संपतो. त्यात बहुतेक जनुकांची मालिका फक्त सॅजिटल आहे. कोरोनल मालिका सुमारे ४,००० जनुकांनाच मिळाली. तुमचं जनुक त्यात असेल तर नशीब. नसेल तर सॅजिटलमध्ये मान वाकडी करून बघायचं.

कौतुकाकडे परत येते, कारण एक गोष्ट कोणी सांगत नाही. प्रत्येक प्रयोगाच्या पानावर प्रोबचा क्रम आणि प्रायमर (प्रोब बनवायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) दिलेले असतात. आम्ही ते बघून प्रायमर मागवतो, काही शे रुपयांत काम होतं, आणि प्रोब लॅबमध्येच बनवतो. एका चांगल्या अँटीबॉडीच्या १०० मायक्रोलिटरला चाळीस-पन्नास हजार मोजायचे, ड्राय आइसमध्ये ती यायची दीड-दोन महिने वाट बघायची, कस्टम्समध्ये अडकली की पुन्हा फोन. आणि आल्यावर? मध्यंतरी एका कंपनीची टीपीएचची अँटीबॉडी आली. डॉर्सल राफे, म्हणजे सेरोटोनिनच्या पेशींचा गट, रंगला, छान. पण व्हीटीए आणि लोकस सेरुलियसही रंगले. ही अँटीबॉडी टीएचलाही चिकटत होती, दोन्ही एन्झाइम भावंडं असल्यामुळे. ॲटलसमध्ये टीपीएच टूचं पान उघडून बघितलं: राफेच्या गटांत रंग, व्हीटीए स्वच्छ. तेवढं प्रिंट काढून कंपनीच्या माणसापुढे ठेवलं. पैसे परत मिळाले नाहीत, पुढच्या ऑर्डरवर सूट मिळाली. आमच्या वरिष्ठांना ती पुरेशी वाटली, मला नाही.

जाता जाता: सेरोटोनिनसाठी टीपीएच टूच शोधा, टीपीएच वन नको. २००३ पर्यंत सगळे एकच टीपीएच धरून चालले होते. बर्लिनच्या गटाने टीपीएच काढून टाकलेले उंदीर बनवले, तरी मेंदूत सेरोटोनिन जवळपास होतं तसंच! तेव्हा मेंदूचं एन्झाइम वेगळं आहे हे कळलं. जुने पेपर वाचून आलेली मुलं अजून वनचं पान उघडतात आणि राफे रिकामा का म्हणून विचारतात. आणि ॲटलसच्या शेजारच्या पट्ट्यांमध्ये 'टीएच' असं लघुरूप दिसेल, ते थॅलॅमसचं आहे. यावरून एका मीटिंगमध्ये पंधरा मिनिटं गेली आहेत.

ॲसिटिलकोलिनवाल्यांसाठी हा ॲटलस जुन्या छापील ॲटलसपेक्षा नक्की बरा. आमच्या कपाटात पॅक्सिनोस आणि वॉटसन यांचा रॅटचा ॲटलस आहे, त्याची पहिली आवृत्ती १९८२ ची. त्यात ॲसिटिलकोलिनेस्टरेज या एन्झाइमचं स्टेनिंग वापरलं आहे. सीमा ओळखायला ते अप्रतिम, मी आजही रॅटसाठी तेच उघडते. पण ते ॲसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम आहे, आणि ते ॲसिटिलकोलिन न बनवणाऱ्या पेशींतही असतं. त्यावरून कोलिनर्जिक पेशी ठरवायची जुनी सवय चॅटने मोडली. मेडियल सेप्टम, स्ट्रायटममधल्या विखुरलेल्या मोठ्या इंटरन्यूरॉन, मेडियल हॅबेन्युला, चेहऱ्याच्या आणि जिभेच्या स्नायूंची मोटर केंद्रं: चॅट इथे शोधायचं.

ग्लुटामेटवाल्यांनी इथे एन्झाइम शोधत बसू नये. ग्लुटामेट प्रत्येक पेशीच्या रोजच्या चयापचयात असतं. ते बनवणाऱ्या ग्लुटामिनेजवरून काहीच ठरत नाही. त्यासाठी व्हीग्लूट वन आणि टू या ट्रान्सपोर्टरची पानं बघा, ती छान आहेत.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये याच संस्थेचा नवा ब्रेन सेल ॲटलस आला. त्यात सुमारे ४० लाख पेशींची एकेकटी मोजणी आहे, ५,३०० हून जास्त गट, आणि मर्फिश नावाच्या पद्धतीने त्या मेंदूत कुठे बसतात तेही. माझी वरची एक तक्रार इथे मिटते: एकाच पेशीत टीएच, डीडीसी आणि ट्रान्सपोर्टर आहेत का ते बघता येतं. पेशींवर ट्रान्समीटरचा शिक्काही आहे. रंग बदलून फक्त डोपामिनच्या पेशी उजळवता येतात. ज्यांत गाबा आणि ग्लुटामेट दोन्हीची सामग्री आहे अशा पेशीही वेगळ्या निघतात. पण हाही एमआरएनएचाच हिशेब, प्रथिन नाहीच. आणि आमच्या संगणकखोलीतल्या जुन्या मशीनवर तो इतका रखडतो की मुलं चहा घेऊन येतात. जुना ॲटलस त्याच मशीनवर सुरळीत चालतो. मोबाइलवर दोन्ही उघडू नका.

आता कोणी वापरावा ते. एम.एससी.च्या मुलांनी तर नक्की, न्यूरोअ‍ॅनाटॉमी शिकायला याच्याइतकं चांगलं आणि फुकट दुसरं काही मला माहीत नाही. नवा प्रकल्प आखणाऱ्यांनी प्राण्यांच्या एथिक्स कमिटीचा अर्ज भरण्याआधी एक दुपार यावर घालवावी. कुठल्या पातळीवर कापायचं ते आधी ठरलं की पायलटसाठी, म्हणजे सुरुवातीच्या चाचणी प्रयोगासाठी, लागणारे प्राणी कमी होतात, हे मी आमच्याकडे बघितलं आहे. रॅटवाल्यांनी जागेचा अंदाज घ्यावा, आकडे घेऊ नयेत. मादींवर काम करणाऱ्यांनी एव्हीपीव्हीसाठी इकडे फिरकूच नये, माझ्याकडे यावं. क्रायोस्टॅटचं बुकिंग आठवडाभर आधी करा, आणि ब्लेड स्वतःचं आणा.